मन्मथअप्पांचे गोरे बॉक्स

मन्मथअप्पांनी पहिल्याच भेटीत माझ्या तळहातावर मूठभर ज्वारी ठेवली आणि विचारलं, "ताई, हा कसा वाटतो?"

मी मेस चालवणारी बाई. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला येऊन धडकली, त्यांना दोन वेळा जेवायला कोण घालणार म्हणून आम्ही नवराबायकोनं या गल्लीत जागा भाड्यानं घेतली. गल्लीत येऊन आठवडाही झाला नव्हता. अशा वेळी सकाळच्या घाईत मागच्या दाराशी धोतर, टोपी, कपाळाला विभूती असा एक उंच माणूस उभा राहतो आणि ज्वारी दाखवतो, तर मी काय समजणार? मी एक दाणा दाताखाली फोडून बघितला.

"शाळू आहे. टपोरा आहे चांगला. कसा दिला?"

"दिला कुठं? अजून लावला न्हाई."

"म्हणजे पेरणी व्हायचीय?"

"पेरायचा कामून? बॉक्सला लावायचा हाय."

"मला बॉक्समध्ये नको," मी म्हणाले. "पोत्यातच द्या. उंदरांचं मी बघते."

त्यांनी टोपी मागं सरकवली. मग त्यांनी दुसऱ्या खिशातून पुडी काढली आणि ज्वारीशेजारी थोडी तुरीची डाळ ठेवली. "मंग ह्यो बघा. ह्यो जरा उबदार हाय. पन तुमच्या भिंतीला शाळूच शोभल, मी सांगून राहिलो."

माझ्या दोन्ही हातांत धान्य, चुलीवर भाजी करपतेय, आणि हा माणूस माझ्या भिंतीचं बोलतोय. तेवढ्यात आमचे हे आंघोळ करून बाहेर आले म्हणून बरं. आमच्या सासऱ्यांचा एक जुना, टेबलाएवढा स्पीकर घरात पडून होता. त्याचा लाकडी बॉक्स कोपऱ्यांत उखडला होता. तो ह्यांनी आदल्या दिवशी शेजारच्या दुकानात दुरुस्तीला टाकला होता आणि मला सांगायचं विसरले होते. शेजारचं दुकान मन्मथअप्पांचं. आणि ज्वारी म्हणजे त्यांचं शेड कार्ड.

इतर पॉलिशवाले गिऱ्हाइकासमोर रंगांच्या पट्ट्यांचं पुठ्ठ्याचं पान उघडतात. अप्पा पुड्या उघडत. त्यांचं घराणं आडतीचं. थोरले भाऊ अजून मार्केट यार्डात गादीवर बसतात. अप्पांनी तरुणपणीच भावाशी भांडून गादी सोडली, कारण त्यांचं म्हणणं, "पोत्यात हात घालून बसायचं दिवसभर. त्याला काय आवाज हाय का?" पण धान्याची सवय हातातून गेली नव्हती. शाळू, बन्सी गहू, तूरडाळ, पॉलिशचे तीळ, असे त्यांच्याकडचे रंग. हरभऱ्याची डाळ मी एकदा सुचवली तर त्यांनी तोंड वाकडं केलं. "ते हळदीच्या अंगाचं हाय. लग्नात बरं." नवं गिऱ्हाईक हमखास गोंधळायचं. एकानं तर दाखवलेले तीळ तोंडात टाकले आणि विचारलं, "प्रसाद कशाचा?"

हे सगळे रंग तुमच्या लक्षात आले असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात आली असेल. यात काळा नाही. तपकिरी नाही. शिसवी, अक्रोडी, सागवानी, चॉकलेटी, ज्या रंगांवर आपल्याकडचं अख्खं फर्निचर उभं आहे त्यांतला एकही अप्पांच्या खिशात नव्हता. हे जुने बॉक्स ते कुठून कुठून आणत. हैदराबादच्या जुन्या बाजारातून, नांदेडच्या बंद पडलेल्या टॉकीजमधून, कुणा देशमुखाच्या माडीवरून. आणताना सगळे काळेकुट्ट. अप्पा ते खरवडत, पॉलिश पेपरनं घासत, कसल्याशा पांढऱ्या भुकटीच्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवत. मग त्यावर व्हिनियर चढायचं. व्हिनियर म्हणजे लाकडाचा पापुद्रा, पापडाएवढा पातळ. मेपल, बर्च अशा परदेशी झाडांचे ताव हैदराबादहून यायचे. ते नाही मिळाले तर किनवटच्या जंगलातली शिवण. तीही गोरी असते, हे मला अप्पांमुळे कळलं. पापुद्र्याला सरस लावायचा, वरून इस्त्री फिरवायची आणि शेवटी फडक्याची गाठोडी करून स्पिरिटमधली पांढरी लाख हळूहळू घोळवत बसायचं. साधी लाख नाही. साधी लाख लाकडाला पिवळं करते म्हणे.

"उजेड आला पाहिजे ताई," ते म्हणायचे. आणि बोट फिरवून, मान तिरकी करून, "अजून मळभ हाय." आम्हाला झगझगीत दिसणाऱ्या फळीवर अप्पांना मळभ दिसायचं. पुढं पुढं त्यांना सगळीकडेच मळभ दिसायला लागलं. माझी पोळी तव्यावर जरा जास्त राहिली की जेवणाऱ्या पोरांच्या आधी अप्पा म्हणायचे, "आज मळभ आलंय." त्यांच्या पुतण्याला मुलगी बघायला गेले तर परत येऊन सांगितलं, "पोरगी तूरडाळीवर हाय. पॉलिश चांगलं हाय. बोलती बी चांगली." पुतण्याच्या आईला यातलं काय समजलं ते तिलाच ठाऊक.

आमचा स्पीकर शाळूच्या रंगाचा होऊन घरी आला तेव्हा आमच्या ह्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबांचा कुठंय?"

सगळ्यांचं असंच व्हायचं. रेणापूरचे एक पाटील आजोबांचा स्पीकर न्यायला आले होते. दुकानभर हिंडले, कपाटामागं वाकून बघितलं, शेवटी चिडून म्हणाले, "अप्पा, आमचा बॉक्स दिसंना."

"तुमच्या पुढंच हाय की."

"आमचा काळा व्हता."

"व्हता," अप्पा म्हणाले.

पाटील खाली बसले. उठले. बॉक्सला हात लावला, काढला. "आमच्या आजोबाचा हाय ओ त्यो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांना रागवायचं होतं, पण बॉक्स दिसत होता इतका सुंदर की राग कुठून सुरू करावा ते कळेना. शेवटी घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या भावकीतले चार लोक तीळ मागायला आले.

खरा गोंधळ क्लासवाल्या सरांचा झाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सरांचा क्लास होता. पोरं एवढी वाढली की मागच्या बाकांवर सरांचा आवाज पोचेना. त्यांनी अप्पांकडे मोठ्या चार बॉक्सची ऑर्डर दिली आणि बजावून सांगितलं, काळे पाहिजेत, भारदस्त.

"पोरं अंधारात शिकून राहिली का?" अप्पांनी विचारलं.

"नाही, ट्यूबलाइट आहेत ना."

"मंग?"

सर खुर्ची ओढून बसले. भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, रंगाचा आणि आवाजाचा संबंध नाही हे त्यांनी फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगितलं. अप्पांनी सगळं मान हलवत ऐकलं आणि चारही बॉक्स तिळाच्या रंगाचे करून पाठवले. हॉलच्या चार कोपऱ्यांत चार पांढरेशुभ्र, माणसाच्या छातीइतके उंच डबे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हिमायतनगरकडून आलेली पोरं पेले घेऊन त्यांच्यापुढं रांगेत उभी. नळ कुठंय ते शोधत होती. सर तावातावानं दुकानात आले. मी भाजी निवडत ओट्यावरच बसले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अप्पा, मुलांना वाटतं थंड पाण्याचं मशीन आहे!"

"आवाज कसा हाय?"

"आवाज उत्तम आहे, पण–"

"मंग पाणी बी ठिवा शेजारी," अप्पा म्हणाले. "उन्हाळा येऊन राहिला."

सरांनी खरंच चार माठ ठेवले. मला वाटतं त्यांचाही नाइलाज झाला असावा.

एवढं सगळं असून अप्पा कशानं असे झाले, याचा मला पत्ता नव्हता. गल्लीत विचारावं तर प्रत्येकाचं वेगळं. कुणी म्हणे डोळ्यांत दोष आहे. कुणी म्हणे एका स्वामींनी काळा रंग वर्ज्य करायला सांगितलाय. पण हे सांगणारे सगळे शेवटी आवाज खाली आणून एकाच ठिकाणी यायचे. अप्पांची बायको. ती नांदेडला असते, भावाकडे, रेल्वे रुळालगत. भांडण नाही, सोडचिठ्ठी नाही, लेकरूबाळ नाही. भूकंपाच्या पुढच्या वर्षी गेली ती गेली.

मी एकदा सरळ अप्पांनाच विचारलं. माझा स्वभावच तसा आहे, पोटात काही राहत नाही. त्यांनी हातातलं फडकं ठेवलं. दुकानामागच्या घराचं दार उघडलं आणि म्हणाले, "या, बघा."

मी आत पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थबकले. खाट, कपाट, देवघर, खिडक्यांच्या चौकटी, पाट, पोळपाटसुद्धा, सगळं एका रंगाचं, गोरं. दह्याच्या भांड्यात उतरल्यासारखं वाटलं. दोन माणसांचं घर होतं, दोन उशा, दोन पाट, आणि राहत होता एक माणूस.

"महानंदाला हितं अंधार वाटतो," अप्पा म्हणाले. "जाताना तसं म्हणली. ह्या घरात अंधार वाटतो मला, राहवत न्हाई. मंग म्या आधी कपाट केलं. मंग खाट. ती वर्साला येती, येळ अमावस्येला. बघती. चांगलं झालं म्हणती. मंग म्या विचारतो, आता येती का? तर म्हणती, बघू, अजून थोडं अंधारल्यावानी हाय." त्यांनी दाराच्या चौकटीवर बोट फिरवलं. "तिचं बी खरं हाय. मळभ हाय अजून."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पाटलांच्या आजोबांचा बॉक्स, सरांचे तिळाचे डबे, हे सगळे सराव होते. बायको परत येईल असा एक रंग हा माणूस शोधत होता, आणि हात बसावा म्हणून अख्ख्या लातूरचे बॉक्स गोरे करत सुटला होता. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण एक गोष्ट काही केल्या पटेना. त्या घरात चार खिडक्या होत्या. अंधार नव्हताच.

आमच्याकडे वेळ अमावस्येला लातूर रिकामं होतं. दुकानं बंद, रस्ते ओस, जो तो शेतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावतात. त्या वर्षी अप्पांनी आम्हाला त्यांच्या भावाच्या शेतात नेलं; भांडण या एका दिवशी बाजूला ठेवायचं असतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप म्हणजे खोपट, आत पूजेला पाच दगडांचे पांडव मांडलेले, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं साग्रसंगीत. महानंदाक्का सकाळच्या गाडीनं नांदेडहून परस्पर आल्या होत्या. लहान चणीच्या, हसऱ्या, पदर डोक्यावरून. या बाईनं नवऱ्याला इतकी वर्षं टांगून ठेवलंय म्हणून मी मनात राग धरून गेले होते. त्यांनी माझ्या ताटात तिसऱ्यांदा भज्जी वाढेपर्यंत तो टिकला नाही.

जेवणं झाली आणि अप्पांनी ट्रॉलीवरून एक बॉक्स उतरवला. बायको येणार म्हणून मुद्दाम केलेला. लिंबाच्या सावलीत ठेवला, गमछानं पुसला. असला रंग मी त्यांच्याकडेही पाहिला नव्हता. दुधावरची साय जशी, तसा.

"रंग कसा वाटतो?" त्यांनी अक्कांना विचारलं. शाळेतला मुलगा पाटी दाखवतो तसे उभे होते.

"चांगला झालाय."

"मंग?"

"बघू की," अक्का म्हणाल्या. "अजून जरासं..."

अप्पांनी मान हलवली. जरासं किती, ते जणू त्यांनी मनात मोजलं. मग चेहरा उजळला, बॅटरीच्या तारा जोडल्या. बायको आली की तिच्या मानासाठी भजनाची कॅसेट मोठ्यानं लावायची हा त्यांचा नेम होता म्हणे, घरी असो की शेतात. बटण दाबलं. पखवाजाची थाप पडली. धम्म. बॉक्स अप्पांचा, तेव्हा थाप कानात नाही, थेट जमिनीतून मांडीखाली आली.

आणि अक्कांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की माझ्या दोन बांगड्या वाढल्या. मी वळून बघितलं तर चेहरा पांढराफटक, दुसऱ्या हाताची बोटं मातीत रुतलेली. ओठांवर मात्र हसू तसंच होतं, अप्पांच्या दिशेला धरून ठेवलेलं.

मी त्यांना पाणी पाजायचं निमित्त करून विहिरीकडे नेलं.

"काय होतंय अक्का?"

"काय न्हाई. जाईल आता."

"काय जाईल?"

त्या विहिरीच्या कडेला बसल्या. "तुम्ही भूकंपाला कुठं व्हता?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, लातुरातच, तेव्हाच्या घरी, महिनाभर अंगणात झोपलो. "मी माहेरी व्हते," त्या म्हणाल्या. "औशाकडं. गणपती बुडवून झोपलेलो. सगळे म्हणत्यात जमीन हलली. हलली ती मागनं. आधी आवाज आला ताई. खालून. मला वाटलं ट्रक आला दारात. मंग वरचं माळवद अंगावर आलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला काढलं. माय ऱ्हायली आत."

मी त्यांच्या शेजारी बसले. 

"परत लातुरात आले तर घराला लागून ह्यांचं दुकान. दिवसातनं कितीदा बॉक्स लावून बघायचे. धम्म करून आलं की मला वाटायचं, आलं. भाकर टाकून अंगणात पळायचे. वरीसभर काढलं तसं."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? ह्या बॉक्सापायी गादी सोडली, भावाशी वैर घेतलं. त्या माणसाला म्हणू का, तुमचा आवाज मला मरणावानी वाटतो?" त्या एकदम हसल्या. डोळ्यांत पाणी होतं. "जाताना तोंडाला आलं ते बोलले, अंधार वाटतो म्हणून. मला काय ठाव, हे रंग द्यायला बसतील? पहिल्या वर्सी वाटलं, कपाट करून दमतील. मंग वाटलं, खाट करून दमतील. दमतच न्हाईत ओ! आता मी काय म्हणू? म्हणते, अजून जरासं."

"पण नांदेडला तर तुमच्या भावाचं घर रुळाला लागून आहे ना? रेल्वेनं घर हादरत नाही?"

"रेल्वे सांगून येती," अक्का म्हणाल्या. "लांबनं शिट्टी मारती, मंग येती. तवर मी धरून बसते."

परत निघताना त्यांनी मला बजावलं. "त्यांना सांगू नका. तुम्हाला माझी शपथ हाय." मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे शपथ घेणं नव्हे, असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांचे डबे भरून झाल्याबरोबर मी दुकानात गेले. अप्पा तो सायीच्या रंगाचा बॉक्स पुन्हा घासायला घेऊन बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. अक्कांना रंगाचं काही नाही, अप्पा. आवाजाचं आहे. तुमच्या बॉक्सच्या. भूकंपाच्या आधी तसाच आला होता. रेल्वे शिट्टी मारून येते म्हणून ती चालते त्यांना, तुमचा बॉक्स न सांगता येतो.

त्यांचा हात थांबला. "पन ती अंधार म्हणली व्हती."

"म्हणाल्या होत्या. तुमचं मन मोडवेना म्हणून."

"मंग उजेड केला तरी..."

"तरी काय? तुम्ही उजेड करायचात आणि त्या आल्या की मोठ्यानं कॅसेट लावायचात."

अप्पांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. म्हणाले, "मला समजलंच न्हाई ताई. मला पॉलिशच समजतं." मग टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली. अंगानं एवढा मोठा माणूस, आवाज न करता रडत होता. मी तिथून निघून आले. थांबायला हवं होतं की जायला हवं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चार दिवस दुकान गप्प. पाचव्या दिवशी दुपारी गल्लीत आरोळी उठली. "आवाज येऊन राहिला हो! आवाज!" मी लाटणं घेऊन बाहेर आले. शेजारचे शिंपी बाहेर आले. कुठली मिरवणूक म्हणून बघतोय तर अप्पा दुकानाच्या पायरीवर, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडतायत. ओरडून झालं, आत गेले, मनातल्या मनात काही अंक मोजले असावेत, आणि मग धम्म. पुन्हा बाहेर. "झाला हो! आता दुसरा येऊन राहिला!"

"अप्पा, आम्हाला कशाला सांगता?" शिंप्यानं विचारलं.

"सवय करून राहिलो," अप्पा म्हणाले.

दोन आठवडे हे चाललं. क्लासची पोरं आधी हसली, मग त्यांच्या पाठांतराच्या वेळा त्या आरोळीवर ठरायला लागल्या. सर एकदा येऊन माझ्याशी हळू बोलले, अप्पांना डॉक्टरला दाखवायचं का म्हणून. मी म्हणाले, दाखवलंय, औषध चालू आहे. आरोळी पुरेशी सराईत झाली असं वाटल्यावर अप्पा धुतलेलं धोतर नेसून नांदेडच्या गाडीत बसले. संध्याकाळी एकटेच परतले.

"काय म्हणाल्या?"

"म्या सांगितलं, आता शिट्टी मारून लावतो. तर लई रडली. तुमच्या नावानं बी बोलली जरा." ते ओशाळून हसले. "येती का विचारलं, तर बघू म्हणली."

ते 'बघू' मागच्या सगळ्या वर्षांसारखंच होतं की वेगळं, यावर आम्ही दोघांनी पायरीवर बसून बराच खल केला. अप्पांना वाटत होतं वेगळं आहे. मला कळत नव्हतं, पण मी वेगळंच आहे म्हणाले.

शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात रिक्षा थांबली आणि पत्र्याची ट्रंक खाली उतरली. ट्रंकेमागून अक्का. माझ्याकडे बघून त्यांनी डोळे वटारले, शपथेबद्दल, आणि सरळ घरात गेल्या. अप्पा दुकानात खिळल्यासारखे उभे. त्यांनी मला खूण केली, तुम्ही आत जा. मी गेले.

अक्का खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी कपाटावरून हात फिरवला, बोट बघितलं, देवघरावरून फिरवला, पुन्हा बोट बघितलं. मग माझ्यामागं दारात येऊन उभ्या राहिलेल्या अप्पांना म्हणाल्या, "हे सगळं जरा काळं करता येतं का ओ? असल्या रंगावर धूळ लई दिसती. मी दिवसभर काय निस्तं पुसतच बसू?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी अप्पांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही गोंधळ होता की हसावं की रडावं हे त्या माणसाला खरोखर सुचत नव्हतं. "काळं?" ते म्हणाले. "किती काळं?"

"तुम्हाला समजतंय ते," अक्का म्हणाल्या आणि चुलीची काय अवस्था आहे ते बघायला आत गेल्या.

संध्याकाळी कुणाचा तरी दुरुस्तीचा बॉक्स तपासायचा होता. मी ओट्यावर कोथिंबीर निवडत होते. अप्पा पायरीवर आले. मी आरोळीची वाट बघत होते, पण ते ओरडले नाहीत. घराच्या दिशेला तोंड करून, लग्न ठरलेल्या मुलानं विचारावं तसं हळू विचारलं, "महानंदा, आवाज करू का गं?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.  अप्पा उभेच होते. मग अक्का बोलल्या. आवाज जरा कापत होता, पण बोलल्या.

"करा. पन मधलं दार उघडं ठिवा, तुम्ही दिसाल असं."

अप्पांनी दार पुरतं उघडलं, ते हलू नये म्हणून त्याला वीट लावली आणि बटणाला हात घालण्याआधी कितीतरी वेळ तिथंच डोळे पुसत उभे राहिले.